उजव्या रकान्यातले फोन

वहीत मी तीन रकाने आखले होते. डावीकडे 'आलेले फोन', मध्ये तारीख आणि विषय, उजवीकडे 'आपण केलेले फोन'. कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी विभागात काढल्यावर माणूस साधी वाण्याची यादीसुद्धा रकान्यांत लिहितो. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असायची: 'मिस्ड कॉलवरून परत केलेले फोन उजव्या रकान्यात धरले आहेत.' एकच फोन दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मी हे ठरवलं होतं. त्या ठरवण्याचा मला अभिमान होता, हेही लिहून टाकतो.

फोन होता घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी. रुग्णांसाठी नव्हे, सांभाळणाऱ्यांसाठी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, कमोडची खुर्ची भाड्याने कुठे मिळते, दोन तास कोणी घरी बसायला येईल का, असे प्रश्न यायचे. काही लोक प्रश्न न विचारता नुसतेच बोलायचे. मी ऐकायचो.

मी या कामात पडलो तो बायकोमुळे. तिला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना चालू होती. योजनेचं नाव स्वेच्छा असलं तरी आमच्या विभागात ती इच्छा साहेबांची असायची. मी मात्र खरंच स्वेच्छेने घेतली. घरात बसून बायकोचा उजवा हात दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीस वेळा हलवायचा, हे माझं नवं काम झालं. हात फारसा परतला नाही. जीभ परतली. हळू परतली, पण धार पूर्वीचीच.

व्यायामासाठी तिला घेऊन जायचो तिथे आईला घेऊन येणारा तो भेटला. मी पन्नाशीचा, तो त्रेचाळीसचा, तरी पहिल्या दिवसापासून मला काका म्हणायचा. आयटीत मोठ्या हुद्द्यावर होता. आईला विस्मरणाचा आजार. पुढच्या दोन वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरी इतके गेलो की तो आमच्याकडे आला की स्वतःच चहा टाकायचा. कंपनीने त्याला तीन आठवडे परदेशी पाठवलं तेव्हा त्याच्या आईला रोज संध्याकाळी मी भरवत होतो. ती मला तिचा भाऊ समजायची आणि लहानपणी चोरलेल्या पेरूंबद्दल रोज रागवायची. मी रोज माफी मागायचो.

सांभाळणाऱ्यांसाठी फोन ठेवू या, ही कल्पना आम्हा दोघांची. एका लहान संस्थेने जागा आणि नाव दिलं, फोन मी बुधवार पेठेतून आणला, साधा बटणांचा. धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत टेबल टाकून मी सकाळी दहा ते दुपारी तीन बसायचो. रविवारी सुट्टी.

पहिल्या आठवड्यात मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. फोन वाजला की पहिल्याच रिंगेला उचलायचो, कारण तत्परता. पलीकडून आवाज यायचा, "अहो, उचलला कशाला? पैसे गेले ना!" तेव्हा अजून बोलण्याचे मिनिटामिनिटाने पैसे पडत. मला काही कळेना. त्यानेच मला समजावलं.

"काका, एक रिंग आली की हात लावायचा नाही. ती कापली की आपण फोन करायचा. तीन रिंगा झाल्या तरच उचला."

"हे तुला कसं ठाऊक?"

"आईजवळ बसणाऱ्या मावशी मला ऑफिसात असाच निरोप देतात. एक रिंग म्हणजे आई जेवली. दोन म्हणजे झोपली. तीन म्हणजे सगळं सोडून या. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या कळतं. पाच वर्षांत मावशींचा एक रुपया खर्च झालेला नाही."

मी ते शिकलो. मग दिवसाला दहा-अकरा मिस्ड कॉल यायला लागले. मी परत फोन करायचो आणि उजव्या रकान्यात लिहायचो.

त्या उजव्या रकान्यात जवळजवळ रोज एक नंबर असायचा मांजरीच्या एका बाईचा. चाळिशीच्या आतबाहेर. उसाच्या ट्रॉलीवरून पडून नवऱ्याच्या मानेला मार लागलेला, मानेखाली हालचाल नाही. ती सकाळी अकराला एक रिंग द्यायची, अकराला पाच कमी नाही की पाच जास्त नाही. घरात मोठ्या पडद्याचा एकच फोन, तो दिराच्या खिशात. हिच्याकडे जुना बटणांचा. चौथीपर्यंत शिकलेली. बोलायची थोडं, पण नेमकं. नवऱ्याच्या पाठीला पडलेली जखम ती मला नाण्यात सांगायची. "साहेब, दोन रुपयाएवढी व्हती, आता रुपयाएवढी हाय." दर दोन तासांनी कूस बदलायची हे मी तिला सांगितलं होतं. संस्थेकडची हवेची गादी तिच्याकडे पाठवली होती. पंपाने तिच्यातले कप्पे आळीपाळीने फुगतात आणि एकाच जागी भार येत नाही. दर मंगळवारी आमची एक स्वयंसेविका तिच्याकडे दोन तास बसायची. तेवढ्यात ही शेतात जाऊन यायची.

जखम रुपयावरून आठ आण्यावर आली त्या दिवशी मी बायकोला पेढा दिला. तिने विचारलं, "कशाबद्दल?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या वेळी... नव्हता आणलात."

ॲपची गोष्ट, म्हणजे फोनवरची मदत ॲपवरूनही द्यायची, त्यानेच काढली. पुण्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या डोक्यात ॲप होतं. एका कंपनीकडून त्याने पैसे मिळवले. मला म्हणाला, "काका, पण हे सगळ्यांना वापरता आलं पाहिजे. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात चालत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांनासुद्धा. नाहीतर काय उपयोग? तुम्ही तपासा. तुमच्यासारखं तपासणारं माणूस आमच्या कंपनीत नाही." हे वाक्य मला आवडलं होतं. आता लिहिताना लाज वाटते इतकं आवडलं होतं.

"आणि फोन?" मी विचारलं.

"फोन राहणारच. घराला दोन दारं असली तर बिघडतं का?"

सहा रविवार आम्ही दोघं त्याच्या गाडीतून सात घरी गेलो. पहिली तपासणी माझ्याच घरी झाली. बायकोने डाव्या हातात फोन धरला आणि विचारलं, "आता बटण... कशाने दाबू? नाकाने?" पुढे जायचं बटण उजव्या कोपऱ्यात खाली होतं. मी लिहिलं: दोष क्रमांक एक. सदाशिव पेठेत एक अंध गृहस्थ बायकोला सांभाळत होते. त्यांचा फोन पडदा वाचून दाखवायचा, पण आमच्या ॲपवर तो नुसता "बटण, बटण, बटण" म्हणायचा. ते म्हणाले, "शिंप्याच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय." दोष क्रमांक सात. एका आजींचा मोतीबिंदू. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं त्यांना दिसेनात, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसेनात. सगळ्यात वाईट क्रमांक बारा. पाच मिनिटं हात लागला नाही की ॲप माणसाला बाहेर काढायचं, मग परत सांकेतिक आकडा मागवा, तो भरा. सांभाळणारं माणूस पाच मिनिटं सलग एका जागी बसतं, हे ठरवणाऱ्याने कोणाला कधी सांभाळलेलं नव्हतं. की होतं? तो स्वतःच तर होता त्या ठरवणाऱ्यांत.

एकूण एकतीस दोष. प्रत्येकापुढे घर, दिनांक, काय घडलं, काय घडायला हवं. त्याने यादी वाचली, मला मिठी मारली. "काका, हे सोनं आहे. एकतीसच्या एकतीस दुरुस्त होणार."

मग त्याने मागितलं, "फोनची वही पण द्या ना दोन दिवस. कंपनीला काम दाखवायचंय." मी दिली. तीन महिन्यांची बेरीज मारून दिली, डाव्या रकान्याची वेगळी, उजव्याची वेगळी. डावीकडे एकसष्ट. उजवीकडे सातशे अठ्ठ्याऐंशी. तळटीप त्याला तोंडीही समजावून सांगितली. तो हसला. "मला सांगताय होय? मीच शिकवलं ना तुम्हाला."

ॲपचं उद्घाटन पैसे देणाऱ्या कंपनीच्या इमारतीत झालं. मला पहिल्या रांगेत बसवलं. आधी माझा सत्कार केला, शाल आणि नारळ. नारळ मांडीवर घेऊन मी बसलो आणि मग पडद्यावर चित्रं सुरू झाली. तिसऱ्या की चौथ्या चित्रावर मोठ्या अक्षरांत होतं: तीन महिन्यांत आलेले फोन, ६१. दिवसाला एकही नाही. शेजारी ॲपसाठी आधीच नाव नोंदवलेल्यांचा बाराशेचा आकडा, हिरव्या रंगात. खाली बारीक अक्षरांत: आकड्यांचा आधार, हेल्पलाइनची नोंदवही. निवेदन करणारी मुलगी म्हणाली, लोकांनीच आपला कौल दिलेला आहे, म्हणून या महिनाअखेर फोनसेवा ॲपमध्ये विलीन होत आहे. टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघून कौतुकाने टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात नारळ होता, म्हणून मी वाजवल्या नाहीत असं त्यांना वाटलं असेल.

कॉफीच्या टेबलापाशी मी त्याला गाठलं.

"हे एकसष्ट कुठून आले?"

"तुमच्याच वहीतून, काका. एक आकडा बदललेला नाही."

"उजवा रकाना?"

"वर तुम्हीच लिहिलंय, 'आपण केलेले फोन'. त्यांनी विचारलं होतं, लोक किती फोन करतात. आपण किती करतो ते नव्हतं विचारलं."

"खाली तळटीप आहे."

"तळटीप स्लाइडवर कोण लावतं?"

"मावशी दोन रिंगा द्यायच्या, तेव्हा त्यांनी तुला फोन केलेला असायचा की नसायचा?"

त्याने कप खाली ठेवला. त्याची आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मला वाटलं, आता हा काहीतरी खरं बोलेल. तो बोलला, आणि ते खरंच होतं.

"काका, कंपनी म्हणाली, दोन्हीला पैसे नाहीत. एक निवडा. मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतंस."

"तुम्ही हो म्हणाला असतात?"

"नाही."

"म्हणून."

एवढंच. मग त्याला कोणीतरी फोटोसाठी बोलावलं.

घरी येऊन मी ॲप उघडलं आणि यादी घेऊन बसलो. एकतीसपैकी चार दुरुस्त होते. रंग गडद केला होता, अक्षरं मोठी केली होती, आणखी दोन किरकोळ. क्रमांक एक, सात आणि बारा जसेच्या तसे. पहिल्या पानावर मात्र ओळ होती: सर्वांसाठी सुलभ, प्रत्यक्ष घरी जाऊन तपासलेले. घरी कोण गेलं होतं ते मला माहीत होतं. बायकोने डाव्या हाताने फोन घेतला, उजव्या कोपऱ्याकडे बघितलं आणि परत दिला. "नाकानेच... आहे अजून."

महिनाअखेरीला मी फोन, सिमकार्ड आणि वह्या संस्थेत जमा केल्या आणि पावती घेतली. कुणाचाही नंबर घरी उतरवून ठेवायचा नाही, हा नियम सुरुवातीलाच केला होता. लोक आजाराबद्दल बोलतात, ते बाहेर जाऊ नये म्हणून. नियम मीच केला, आणि पाळला.

त्या शेवटच्या आठवड्यात मी प्रत्येकाला फोन बंद होणार असं सांगत होतो. मांजरीच्या बाईंना नाही सांगितलं. कारण लिहायला हवं. आदल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं, "ॲप का काय ते आलं तर फोन बंद व्हनार न्हाई ना, साहेब?" आणि मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "नंबर राहील. मी आहे ना." आता उलट सांगायला माझी जीभ उचलेना. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत तारीख आली. त्याच्याकडून निरोप होता की सगळ्यांना संदेश जाणार आहे आणि जुन्या नंबरवर ध्वनिमुद्रित सूचना लावणार आहेत. मी त्यावर विसंबलो. ज्या माणसावर विसंबायचं नाही हे मला नुकतंच कळलं होतं, त्याच्यावरच विसंबलो, कारण ते सोयीचं होतं.

सतरा-अठरा दिवस झाले असतील. दुपारी जेवताना मी सहज त्या सूचनेबद्दल बोललो. बायकोचा घास थांबला.

"ती मांजरीची... पहिल्या रिंगेला कापते ना?"

"हो."

"मग टेप... कशी ऐकणार?"

मी हात धुऊन जुना नंबर लावला. एक रिंग, दोन, तीन, चार, आणि मग गोड आवाजात सूचना. परत लावला. चारच. एका रिंगेवर कापणाऱ्याला ती सेवा बंद झाल्याचं कधीच कळणार नव्हतं. तिच्या लेखी फोन चालू होता. फक्त मी उत्तर देत नव्हतो. एकतीस दोष काढणाऱ्याला हा बत्तिसावा दिसला नाही.

मी त्याला फोन केला. उद्घाटनानंतर पहिल्यांदाच. वह्या संस्थेने आता त्याच्याकडेच दिल्या होत्या. मांजरीचा नंबर तेवढा वहीतून बघून दे म्हटलं.

"काका, नाही देता येणार. प्रायव्हसी. तुमचाच नियम आहे."

"मग तू लाव. तू सांग तिला."

"सगळ्यांना मेसेज गेलाय ना." मेसेज इंग्रजी अक्षरांतला मराठी होता, हे मला नंतर समजलं. "बाकी काकू कशा आहेत?"

मी फोन ठेवला. पुण्यात संबंध तोडायला भांडण लागत नाही; 'काकू कशा आहेत'ला उत्तर दिलं नाही की पुरतं.

दुसऱ्या दिवशी बायकोजवळ शेजारच्या वहिनींना बसवून मी निघालो. धायरी ते स्वारगेट, स्वारगेट ते हडपसर, तिथून मांजरी. मंगळवारच्या स्वयंसेविकेचा नंबरही वहीतच राहिला होता; मला एवढंच माहीत होतं की घर ऊस संशोधन संस्थेच्या मागल्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ, आणि समोर नव्या इमारती उठल्यात. समोर इमारती उठलेली घरं मांजरीत पुष्कळ निघाली. शेवटी दूध संकलन केंद्रावर विचारलं. मापाड्याने मला खालीवर बघितलं.

"कुठलं पाव्हणं? इन्शुरन्सचं का?"

"नाही. फोनवाला."

"टावर न्हाई बसवायचा हितं," तो म्हणाला, आणि मग रस्ता दाखवला.

ती दारात भांडी घासत होती. मी कोण ते सांगितलं. तिने पदराला हात पुसले आणि पहिलं वाक्य बोलली ते हे:

"वहिनीसाहेब बऱ्या हायेत ना? रोज अकराला रिंग देत व्हते. एकोणीस दिस झालं. म्हटलं, साहेबांच्या घरात काय तरी वंगाळ झालं असंल, म्हनून करत न्हाईत. मग जास्ती दिल्या न्हाईत. म्हटलं, तरास कशाला."

मी ओट्यावर बसलो. तिने पाणी आणलं.

हवेची गादी पंधरा दिवसांपूर्वी बसली होती. पंपाचा दिवा लागतो पण हवा भरत नाही, म्हणून ती विचारायला रिंग देत होती. दिराला म्हणाली तर तो म्हणाला, मशीन जळालं असंल. मंगळवारची बाईसुद्धा येईनाशी झाली होती, कारण ती आता ॲपवरून मागवायची होती. मी आत गेलो. गादीची नळी पायाशी पंपाच्या तोंडातून निसटली होती, पांघरुणाखाली. मी ती बसवली. गादी भरू लागली. मिनिटसुद्धा लागलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

नवऱ्याने डोळ्यांनीच नमस्कार केला. तिने त्याला कुशीवर वळवलं आणि मला जखम दाखवली. आठ आण्याची राहिली नव्हती. मी माझा तळहात जवळ धरून बघितला. अर्धा तळहात भरेल एवढी होती, आणि आत खोल. मी तिला म्हटलं, आजच दवाखान्यात न्या. तिने मान हलवली. दिराला टेम्पो आणायला निरोप धाडला.

टेम्पो येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं. फोन बंद झाला हे, का झाला हे, एकसष्ट आणि सातशे अठ्ठ्याऐंशी हेही. मला वाटतं, मी त्याच्यावर सगळं घालत होतो. तिने लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे माझी रिंग धरलीच न्हाई व्हय?"

"धरली होती. उजव्या बाजूला."

"माझा फोन म्हनून न्हाई."

"नाही. मी केलेला म्हणून."

"ते लिवलं कुनी?"

"मी."

ती दवाखान्याची पिशवी भरायला उठली. टेम्पो आला. नवऱ्याला गादीसकट उचलून ठेवताना मीही एक कोपरा धरला. निघताना मी माझ्या स्वतःच्या मोबाइलचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला आणि म्हटलं, "एक रिंग द्या फक्त. मी करीन. मंगळवारचंही मी बघतो."

"बरं," ती म्हणाली. पूर्वी 'नंबर राहील' म्हणालो होतो तेव्हाही ती 'बरं'च म्हणाली होती. हे तसं नव्हतं.

टेम्पो धुरळा उडवत गेला. मी बसथांब्याकडे चालू लागलो. दोनशे पावलं गेलो असेन, खिशात फोन वाजला. एक रिंग, आणि कापला. मी तिथेच, उसाच्या बांधाला उभा राहून लगेच परत लावला.

"काय झालं? त्यांना काही..."

मागे टेम्पोचा आवाज होता.

"काय न्हाई," ती म्हणाली. "करताय का ते बगितलं."

आणि तिने फोन ठेवला.